परीक्षेची राखण

माझ्या पणतीच्या शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असा शब्द आहे. तिथं महिन्यातून एकदा आईबापांना बोलावून घेतात आणि मुलांच्या अभ्यासात पालकांनी कसं लक्ष घालावं, परीक्षेच्या दिवसांत घरात कसं वागावं, काय खाऊ घालावं, यावर दोन-दोन तास बोलतात. माझा नातू आणि नातसून रजा काढून जातात आणि परत येतात तेव्हा तोंडं अशी उतरलेली असतात, की परीक्षा पोरीची आहे की यांची, असा प्रश्न पडावा. परवा नातसून पाणी पिता पिता म्हणाली, “आजोबा, तुमच्या वेळी बरं होतं. आईवडलांच्या मागं हे लचांड नव्हतं.” मी हो म्हणालो, कारण ती दमली होती. पण खरं सांगायचं तर आमच्या वेळचे आईवडील दोन तासांवर सुटत नसत. ते वळकटी, तवा आणि जोंधळ्याच्या पिठाचं गाठोडं घेऊन राहायलाच येत.

तशी आमची हिंगोलीची शाळाही काही कमी इंटरनॅशनल नव्हती. राज्य निजामाचं, शिकवणं उर्दूतून, प्रश्नपत्रिका हैदराबादेहून यायच्या, भूगोलात विलायतेच्या नद्या, आणि फळ्यावर रोज लिहायचे महिने आजूर, दै, बहमन असे थेट इराणातले. हे सगळं शिकायला बसलेली पोरं मात्र गोरेगाव, कळमनुरी, औंढ्याकडची. घरी ‘काहून’ आणि ‘न्हाई’ बोलणारी. पहिलं वर्षभर मास्तर शाबासकी देताहेत की शिव्या, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागे. पुढं कान तयार झाला. मिडलच्या वर्गात येईपर्यंत मला स्वप्नंसुद्धा उर्दूत पडतात, असं मी गावात सांगत असे. ते खोटं होतं, पण गोरेगावात त्याची शहानिशा करणारं कोणी नव्हतं.

मिडलची परीक्षा ही मोठी गोष्ट होती. ती पार पडली की परभणीला पुढं शिकायला जाता येई. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, “एकदा बसायचं. पास झालास तर परभणीला जा, मी आडवा येनार न्हाई. पन वर्ष हुकलं तर पुस्तकं बांधायची आन् वावरात यायचं.” यात राग नव्हता. घरात वावरातली कामं करणारी माणसं दोनच, दादा आणि माय. मी तिसरा व्हावा असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मला मात्र वावराची अगदी धडकी भरे. बैलांना माझ्याविषयी काय वाटतं ते त्यांनी मला दोनदा लाथेनं कळवलं होतं.

परीक्षेच्या आधीचे तीन महिने आमच्या भागात राखण बसे. जोंधळा हुरड्यात आला की वावरात माळा घालून पाखरं हाकलायला माणूस बसतो ना, तशीच ही परीक्षेची राखण. दोन-चार गावची घरं मिळून हिंगोलीत एक खोली घेत आणि एकेका आठवड्यासाठी एकेका घरचं माणूस येऊन पोरांजवळ राही. सैपाक करायचा, पोरं पुस्तकासमोर बसली आहेत का ते बघायचं, एवढंच काम. पुस्तकात काय आहे ते कळायची अट नव्हती, आणि ते कळणारं कोणी नव्हतंही. आमची खोली कयाधूच्या बाजूला होती. आम्ही तिघं : मी, औंढ्याकडचा शंकर, आणि कळमनुरीचा करीम. खोलीत दोन चुली मांडल्या होत्या, एक आमची आणि एक करीमची. पहिल्या आठवड्यात त्या भिंतीच्या दोन टोकांना होत्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत धुराचा त्रास होतो म्हणून दोन्ही दारापाशी आल्या आणि कोणती भाजी कोणत्या चुलीची हे विचारायचं सगळेच विसरले. गावी मात्र हे कोणी सांगितलं नाही.

पहिला आठवडा शंकरच्या वडिलांचा, किसनरावांचा. त्यांचा विश्वास दोन गोष्टींवर होता, तूप आणि आवाज. तुपानं डोकं थंड राहतं आणि मोठ्यानं वाचलं की अभ्यास आत जातो. आमच्यापैकी कोणी मनात वाचू लागला की ते समजत, हा झोपला. “आवाज न्हाई येऊन राहिला!” असं ते दारातून ओरडत आणि आम्ही तिघं तीन वेगळे धडे एकदम किंचाळू लागत असू. शेजारची म्हैस त्या आठवड्यात आटली; तिच्या मालकानं त्याचा दोष आम्हाला दिला. दुसरा आठवडा हुसेनचाचांचा. करीमचे वडील पिंजारी. कापूस पिंजायची ती मोठी धनुकली ते बरोबरच घेऊन आले, कारण आठवडाभर नुसतं बसणं त्यांना जमणारं नव्हतं. ते कापूस पिंजत आणि तांतीच्या त्या टणत्काराच्या ठेक्यावर आम्ही डुलत डुलत धडे पाठ करत असू. ठेका चुकला की चाचा हात थांबवत आणि म्हणत, “यहाँ कुछ छूट गया, बेटा.” आणि खरंच काहीतरी सुटलेलं असे. त्यांच्या हातची खिचडी आणि चिंचेचा खट्टा मी आजही विसरलो नाही. माझ्या सुनेनं तो पुष्कळदा करून पाहिला. तिचाही चांगला होतो, पण त्यात कापसाचे तंतू नसतात.

तिसरा आठवडा दादांचा होता आणि नेमकी त्याच वेळी रब्बीच्या जोंधळ्याची काढणी सुरू झाली. दादांना हलता येईना. एका सकाळी दारात बैलगाडी थांबली आणि तिच्यातून माय उतरली. डोक्यावर धपाट्यांची टोपली, काखेत गाठोडं, पायात काही नाही. बाई राखणीला आलेली त्या गल्लीत कोणी पाहिली नव्हती. मायनं हिंगोली आधी फक्त दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा कोणाच्या तरी आजारपणात. ती आली आणि शंकर-करीमला बघून पदर सावरून म्हणाली, “त्येनला सवड न्हाई म्हणून मी आले. मला तुमचं काही कळत न्हाई बाबा. भाकरी तेवढी करते.” मला बरं वाटलं ते धपाट्यांमुळे. बाकी मी जरा अवघडलोच होतो. किसनराव पागोटं घालून येत, चाचा टोपी घालून. शाळेतली पोरं खोलीवर येत-जात, आणि माझ्याकडून आली ही अनवाणी बाई. हे लिहिताना मला आज लाज वाटते, पण तेव्हा लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. त्या शुक्रवारी सकाळी आम्ही एक हिसाब घेऊन बसलो होतो. हिसाब म्हणजे गणित, आणि आम्हा तिघांचं खरं दुखणं तेच होतं. एका अंगरख्याला पावणेतीन गज कापड लागतं, तर चोवीस अंगरख्यांना किती? शंकर प्रश्न मराठीत करून मोठ्यानं सांगत होता, किसनरावांची सवय. मी पावणेतीनचे पाव करत होतो, करीम अपूर्णांक मांडत होता, आणि तिघांची तीन उत्तरं येत होती. चुलीपाशी भाकरी थापणारी माय न वळता म्हणाली, “सहासष्ट.”

आम्ही दुर्लक्ष केलं. थोड्या वेळानं ती परत म्हणाली, “काहून रे, इतका वेळ काय करून राहिले तुमी? सहासष्ट गज.” करीमनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडून उत्तर पाहिलं आणि पुस्तक माझ्यापुढं धरलं. सहासष्ट. शंकरनं दुसरं गणित वाचलं, तेही तिनं भाकरी उलटता उलटता सांगितलं. तिसरं, चौथं. पाचव्याला तिनं थोडा वेळ घेतला, पण नंतर कळलं की भाकरी करपत होती म्हणून. मी नुसता बघत बसलो होतो. बारा-तेरा वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, तिच्या डोक्यात हे काय आहे याचा मला पत्ताच नव्हता.

मग तिनं सांगितलं. तिचे वडील त्यांच्या गावचे मापारी होते. खळ्यावर धान्याची रास झाली की माप घालायचं आणि कोणाचा वाटा किती ते तिथल्या तिथं सांगायचं, हे त्यांचं काम. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन असं मोजत जायचं. त्यांची नजर गेली तेव्हा माय आठ वर्षांची होती. बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून खळ्यावर जाई, ती माप बघून सांगे आणि वाटे तो पाडी. वाटेत चालता चालता त्यांनी तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पावापासून साडेतीनपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे, सगळं तोंडपाठ करून घेतलं होतं. पुढं पुढं बापाच्या आधीच तिला उत्तर येई, पण ती गप्प राही आणि बापाला बोलू देई. लग्न होऊन गोरेगावला आली आणि खळ्यावर माप बघायला जाणं संपलं. “तू कधी बोलली न्हाईस,” मी म्हणालो. “तू कधी इचारलं न्हाईस,” ती म्हणाली आणि पिठाचा हात झटकून पुढची भाकरी घेतली.

त्यानंतर खोलीतला बाकीचा अभ्यास मागं पडला. आम्ही तिघं चुलीभोवती बसत असू आणि माय एकीकडे अंबाडी निवडत आमच्याकडून औटकी म्हणवून घेई. तिचा आठवडा संपला तरी आम्ही तिला सोडेना. किसनरावांनी खुशीनं आपला आठवडा तिला दिला, आणि चाचा एकदा येऊन, दाराबाहेर बसून, आमची पाठांतरं ऐकून, समाधानानं परत गेले. दादा बिचारे गावी हातानं करून खात होते. पंधरा-वीस दिवसांत आम्हालाही डोक्यातल्या डोक्यात उत्तरं येऊ लागली. पाटी-कागद आम्ही टाकून दिला. बोटंसुद्धा हलवायची नाहीत, नुसतं उत्तर बोलायचं. तो असा काही नाद होता, की शाळेत मास्तर गणित लिहीत असतानाच आम्ही एकमेकांकडे बघून हसत असू.

परीक्षेला नावं पाठवायच्या आधी शाळेत एक आजमाइशी परीक्षा होई. तिच्यात जो उतरेल त्याचंच नाव हैदराबादेला जाई. हिसाबाच्या पेपरला आम्ही तिघांनी दहाच्या दहा उत्तरं लिहिली आणि अर्ध्या वेळात उठून बाहेर आलो. बाहेर येऊन शेंगा खाल्ल्या. इतका आनंदाचा पेपर मी त्याआधी कधी दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सदरसाहेबांनी बोलावलं. शाळेच्या मुख्याला सदर-मुदर्रिस म्हणत, आम्ही सदरसाहेब म्हणत असू. उंच, सडसडीत, उन्हात छत्री आणि सावलीत चष्मा सांभाळणारे गृहस्थ. टेबलावर आमच्या तीन उत्तरपत्रिका ठेवलेल्या होत्या आणि बाजूला हिसाबाचे मास्तर उभे होते. सदरसाहेबांनी पहिली उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. “जवाब सही,” ते म्हणाले. “अमल गायब. तीनों का गायब.” अमल म्हणजे उत्तरापर्यंतची मांडणी. पानावर प्रश्नाचा आकडा आणि त्यापुढं उत्तर, मध्ये कोरा कागद. तिघांचंही तसंच. “नकल किसकी की?” त्यांनी विचारलं.

कोणाचीच नाही, असं आम्ही शपथेवर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “तो सिखाया किसने?”

करीम आणि शंकर दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. सांगायचा मान माझा होता. खिडकीबाहेर चार-पाच पोरं कान लावून उभी होती. मायनं शिकवलं म्हणालो तर ती पोरं मला शाळा सोडेपर्यंत काय म्हणतील, ते मला एका क्षणात दिसलं. मी म्हणालो, “मेरे वालिद ने, जनाब.”

“बुलाओ उनको,” सदरसाहेब म्हणाले. “परसों तक. नहीं तो तीनों के नाम नहीं जाएँगे.”

गोरेगावच्या एका गाडीवानाबरोबर निरोप गेला. दादा खळ्यावरचं काम टाकून आले. धुतलेलं धोतर, पागोटं, आणि शाळेत बोलावलं म्हणजे काहीतरी सन्मानाचं असेल अशी समजूत. खोलीवरून शाळेपर्यंतच्या रस्त्यात त्यांनी मला तीनदा विचारलं, “काय काम आहे रे?” आणि मी तीनदा “असंच” म्हणालो. खरं सांगायला तो रस्ता पुरेसा लांब होता.

शंकर, करीम आणि हिसाबाचे मास्तर आधीच येऊन उभे होते. सदरसाहेबांनी दादांना खुर्ची दिली. दादा तिच्या कडेवर बसले. “आप लडके को हिसाब सिखाए?” असं विचारल्यावर दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. सदरसाहेब म्हणाले, “एक गाडी में साडेसतरा मण माल. तो साडेतीन गाडी में कितना?”

मास्तरांनी प्रश्न मराठीत करून सांगितला. दादांच्या कपाळावर घाम आला. ज्या माणसाला मी गावच्या बैठकीत कधी अडखळलेला पाहिला नव्हता, तो त्या खुर्चीत माझ्यामुळे पोरासारखा बसला होता. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. मग दादा उठून उभे राहिले. त्यांनी पागोटं नीट केलं आणि म्हणाले, “साहेब, मला गाडी भरता येती आन् हाकता येती. किती भरली ते घरी गेल्यावर ह्याची माय सांगती. शिकवलं बी तिनंच आसंल. बापाला बरं वाटावं म्हणून लेकरानं माझं नाव घेतलं. त्याच्यावर रागवू नका.”

सदरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “माँ?” त्यांनी विचारलं. “जी, माँ,” करीम मागून म्हणाला, जणू ती त्याचीच होती.

आम्ही मायला आणायला निघालो तेव्हा वाटेत दादा एवढंच म्हणाले, “मायचं नाव घेताना जीभ काहून अडखळली रे दिग्या?” मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. नंतरच्या आयुष्यात मला पुष्कळ लोक रागावले, काहींनी अगदी छापून रागावून घेतलं, पण त्या एका वाक्याइतकं मला काही लागलेलं नाही.

माय सूप घेऊन बसली होती. दादांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मी न्हाई जात बाई पोरायच्या शाळेत. माणसं काय म्हनतील?” दादा दारातच उभे राहून म्हणाले, “न्हाई गेलीस तर दिगू वावरात येतो. मला चालंल. तुला चालतं का बघ.” तिनं सूप खाली ठेवलं, तोंडावर पाणी मारलं आणि लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढं ओढून आमच्याबरोबर निघाली. शाळेच्या फाटकातून ती आत येताना वर्ग सुरू होते. थोड्याच वेळात ते नावालाच सुरू राहिले. प्रत्येक खिडकीत डोकी होती. मी तिच्या शेजारून चाललो. मागं राहावंसं वाटत होतं, तरी शेजारूनच चाललो, एवढं त्या दिवशीचं माझं पुण्य.

ती कचेरीत गेली नाही. वऱ्हांड्यात भिंतीला टेकून खाली बसली. म्हणून सदरसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि मास्तर पाटी घेऊन उंबऱ्यावर बसले. साडेसतरा मणांचाच प्रश्न परत निघाला. “सव्वाएकसष्ट मण,” माय पदरातून म्हणाली. “पन आर्धी गाडी म्हनू नका. आर्धी भरलेली म्हना. आर्ध्या गाडीला बैल कुठून जुपायचे?” मास्तर पाटीवर अजून गुणत होते. त्यांचंही सव्वाएकसष्ट आलं तेव्हा त्यांनी पाटी हळूच पुसली. मग सदरसाहेबांनी विचारलं, आठ माणसं पंधरा दिवसांत एक विहीर खणतात, तर बारा माणसं किती दिवसांत खणतील? “दहा,” माय म्हणाली. आणि जरा थांबून, “पन बारा जन येका हिरीत उतरले तर कुदळ कुठं मारतील? येकमेकाच्या डोक्यात?” खिडक्यांमधून हसू फुटलं. सदरसाहेबही हसले, आणि हसणं आवरल्यावर दोन्ही हात जोडून म्हणाले, “बाई, मेरेको यकीन आ गया. तुमचे लडके चोर नहीं. लेकिन हैदराबाद में पेपर जाँचनेवाला कागज देखेगा. अमल नहीं दिखा तो वो नंबर काटेगा. वो आपको कैसे पूछेगा?”

करीमनं ते मराठीत करून तिला सांगितलं. “मंग त्यालाच हिकडं बोलवा,” माय म्हणाली.

तेवढं काही सदरसाहेबांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. पंधरा दिवसांनी तिघांनी परत पेपर द्यायचा, अमलासकट. मांडणी असली तर नावं जातील. नसली तर उत्तरं बरोबर असूनही वर्ष गेलं. म्हणजे माझ्यापुरतं वावर तिथंच, पंधरा दिवसांवर येऊन उभं होतं.

आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली. मायला उत्तर येत होतं, पण ते कसं आलं हे तिला सांगता येईना. “पावणेतीन चोक?” आम्ही विचारायचो. “आकरा.” “कसे?” “कसे म्हंजे? आकराच असत्यात.” आम्ही खोदून खोदून विचारलं की ती चिडे. “आरं, भाकरी गोल कशी होती ते सांगता येतं का? हात फिरवला की होती.” दोन दिवस असे गेले. मास्तरांची पुस्तकातली मांडणी आम्हाला आता परकी झाली होती आणि मायची मांडणी कुठं दिसतच नव्हती. शंकरनं तर घरी जायची बोचकी बांधली. तिसऱ्या दिवशी सकाळी माय नदीवरून धुणं घेऊन आली ती ओटीभर खडे घेऊन. सारवलेल्या जमिनीवर तिनं ते मांडले. “मी लहान होते तवा माझा बाप आसं करी,” ती म्हणाली. “मला पार इसरलं होतं. हातात खडा आला तवा ध्यानात आलं.” चोवीस ठिकाणी तिनं तीन-तीन खडे ठेवले. “चोवीस त्रिक बहात्तर. हे जास्तीचं झालं. कारण आपल्याला तीन न्हाई, पावणेतीन पायजे. मंग परत्येकातून पाव काढा. चार पावांचा येक. चोवीस पाव म्हंजे सहा. बहात्तरातून सहा गेले.” एखाद्या लेकराचा हात धरून त्याला पायरी उतरवावी, इतकं सावकाश ती हे बोलत होती. करीमनं पेन्सिल उचलली आणि तिची एकेक पायरी उर्दूत लिहून काढली. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं, मी ते मराठीत करून सांगितलं, तेव्हा ती थक्क झाली. “मी येवढं सगळं करते व्हय?” ती म्हणाली.

मग बारा दिवस आमच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे खडे. ती बोलायची, आम्ही लिहायचो. हिसाबाचे मास्तर एकदा संध्याकाळी सहज आल्यासारखं करून आले, तासभर बसले, दोन ठिकाणी मांडणी सुटसुटीत करून दिली आणि जाताना औटकीतली एक खुबी तिच्याकडून समजून घेऊन गेले. पंधराव्या दिवशी पेपर झाला. सदरसाहेबांनी तिन्ही उत्तरपत्रिका आमच्यासमोर तपासल्या. मास्तर म्हणाले, ही पुस्तकातली रीत नाही. सदरसाहेब म्हणाले, “रास्ता दूसरा है, लेकिन रास्ता तो है,” आणि आमची नावं पाठवली.

परीक्षा परभणीला झाली. उन्हाळ्यात निकाल आला तेव्हा मी खळ्यावर दादांबरोबर होतो. गाडीवानानं रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं. तिघंही पास. दादांनी आधी बैलांच्या पाठीवर थाप मारली, मग माझ्या. “गेलं माझं माणूस परभणीला,” ते म्हणाले आणि गूळ आणायला गेले. मी घराकडे पळालो. माय दारात बसून वाळवण राखत होती. मी पायावर डोकं ठेवलं तर म्हणाली, “आरं, कुरडया!” माझा पाय पाटावर पडला होता. मग तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि खूप वेळ सोडलंच नाही. मी तिथंच तिला सगळं सांगितलं : शाळेत मी तिचं नाव का घेतलं नव्हतं ते. तिला ते आधीच ठाऊक होतं. “आता तर घेतोस ना?” ती म्हणाली.

पुढच्या थंडीत मी परभणीहून सुट्टीला घरी आलो होतो. एका सकाळी तीन अनोळखी माणसं नारळ घेऊन ओट्यावर आली. एक कळमनुरीचा, दोघं हिंगोलीच्या अलीकडचे. त्यांची पोरं त्या वर्षी मिडलला बसणार होती. त्यांनी मला विचारलं, हिसाब कोणी शिकवला, आणि मी आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, “मायनं.” मग ते दादांकडे वळले. तुमच्या मंडळींना महिना-दोन महिने राखणीला पाठवता का, आमी गाडी पाठवू, तकलीफ होऊ देनार न्हाई, असं बरंच काही झालं. दादांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला काहून इचारता? तिला इचारा.” तिघंही जरा गोंधळले. बाईला असं समोरासमोर विचारायची त्यांना सवय नव्हती. शेवटी त्यांतला सगळ्यात म्हातारा उठला, दारापाशी गेला आणि नारळ उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, “बाई, येशान का?”

माय आतून दारात आली. पदर डोक्यावर होता, पण चेहरा दिसत होता. तिनं तिघांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“येईन,” ती म्हणाली. “पन सैपाक तुमी करायचा.”